चौसष्टातले सोळाच दिसतात

आमचे हे वहीवाले. कामावर त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही आणि घरी मी मारत नाही, त्यामुळे त्यांचं नाव पगाराच्या यादीत काय ते उरलंय. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत जे घडेल ते वहीत. गॅसची टाकी कधी लावली, पंख्याला तेल कधी घातलं, शेजाऱ्यांनी शिडी कधी नेली आणि किती दिवसांनी आणून दिली. लेक झाली त्या दिवशीची नोंद आहे: वेळ, वजन, आणि पुढे ‘स्थिती : चालू’. लेक आता नोकरीला लागली, तरी फोन केला की आधी म्हणते, “बाबा, स्थिती चालू.” पहिली काही वर्षं मी चिडत होते, मग हात टेकले.

आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला आहोत. कृत्रिम पाय बनवायची कार्यशाळा आहे ती. कोणाचा गुडघ्याखाली पाय गेलेला, कोणाचा वरून. उरलेल्या भागाचं माप घ्यायचं, त्याला बसेल अशी वाटी घडवायची आणि खाली पाय जोडायचा. मी खालच्या मजल्यावर पट्टे शिवते. हे वरच्या मजल्यावर सर्व्हर सांभाळतात. सर्व्हर म्हणजे एक जुना, जाडजूड कॉम्प्युटर. आजवर जितक्या माणसांचं माप घेतलं त्या सगळ्यांच्या फाइली त्याच्यात. खालच्या चार कॉम्प्युटरवरून कारागीर त्या उघडतात आणि वाटी कोरणारं यंत्र त्यावरून चालतं.

खरं तर हे इथे लागले ते कार्डांवर मापं लिहिणारे कारकून म्हणून. सर्व्हर आला तेव्हा कोणीतरी तीन आठवडे शिकायला जायचं होतं, आणि जायला कोणी तयार नव्हतं. हे गेले आणि दोन वह्या भरून परत आले. तेव्हापासून सर्व्हर यांचा. मी शिवणाच्या खोलीत पंखा मागितला तर तीन वर्षं लागली, सर्व्हरच्या खोलीत मात्र सर्व्हर आला त्याच आठवड्यात लागला होता. यावरून आमचं अजून भांडण होतं.

यांचं एकच पालुपद. लिहिलेलं असतं ते असतं, बाकी सगळ्या गप्पा. हे वाक्य त्यांनी मला, लेकीला, कारागिरांना, दूधवाल्याला आणि एकदा दात काढताना दाताच्या डॉक्टरलाही ऐकवलंय. मागच्या सोमवारपर्यंत मलाही ते खरं वाटायचं.

त्या सोमवारी सकाळी साडेनऊला मी यांचा चष्मा घेऊन वर गेले. हे तो घरी विसरले होते. दारातूनच बघितलं तर खुर्चीत बसायचं सोडून उभे, दोन्ही हात टेबलावर टेकलेले, नाक पडद्याला लागेल इतके वाकलेले. चष्मा दिला तर तो हातातच धरून ठेवला.

“काय झालं?” मी विचारलं.

“सोळाच दिसतात,” ते म्हणाले.

यातलं मला थोडं कळतं, कारण वीस वर्षं जेवताना ऐकतेय. यांनी मला माझ्या कामाच्या भाषेत सांगितलं होतं: डिस्क म्हणजे कपाट आणि मेमरी म्हणजे कापायचं टेबल. कपाट जितकं भरलेलं तितकं टेबल मोठं लागतं. टेबल लहान पडलं तर हा सर्व्हर कपाटाचं दारच उघडत नाही. सात वर्षांपूर्वी फाइली वाढल्या म्हणून त्याची मेमरी सोळा एमबीवरून चौसष्ट एमबी केली होती. आता तो म्हणत होता, माझ्याकडे सोळाच आहेत. आणि खाली लिहून येत होतं की मापांचं कपाट उघडता येत नाही, मेमरी कमी पडते.

शनिवारी संध्याकाळी यांनी स्वतः तो रीतसर बंद केला होता. सात वर्षांत पहिल्यांदा. एरवी वीज गेली तर बॅटरी, बॅटरी संपली तर जनरेटर, त्याला झोप म्हणून नाही. पण रविवारी मेन बोर्डच बदलायचं होतं, त्यात जनरेटरची लाइनही तुटणार, म्हणून बंद करणं भाग होतं. बोर्ड आमच्या वायरमनने बसवलं. एकट्याने, दिवसभर खपून.

या वायरमनबद्दल सांगायला हवं. पस्तिशीचा असेल. सहा वर्षं इथे रोजावर काम करतोय. बोलायला महाग, कामाला चोख. माझ्या मशीनवर सरळ उजेड पडत नव्हता, तर न सांगता एका दुपारी दिवा हलवून गेला आणि पंख्याचा आवाजही बंद करून गेला. त्याच्या कायम होण्याचं पत्र टाइप होऊन मॅडमच्या टेबलावर पडलं होतं. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य अधिकारी. सही व्हायची बाकी होती, आणि पत्र त्याच दिवशी चारच्या डाकेने वरच्या कार्यालयात जायला हवं होतं. ती यादी वर्षातून एकदाच घेतात. चुकली की आणखी एक वर्ष रोजावर, आणि पुढच्या वर्षी यादी निघेलच असं कोणी सांगावं.

पावणेदहाला मॅडम वर आल्या. खाली बाकांवर नऊ माणसं वाटीच्या प्रतीक्षेत बसली होती, काही तर पहाटे घर सोडून आलेली. यंत्र बंद. मॅडमनी वायरमनलाही बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहिला.

“काल काय काय केलंस?” त्यांनी विचारलं.

त्याने सांगितलं. जुनं बोर्ड काढलं, नवं बसवलं, लाइनी तपासल्या, विजेचा दाब मोजला, मग वीज चालू केली.

“आणि आज मेमरी गेली,” मॅडम म्हणाल्या. मग यांच्याकडे वळल्या. “तुमच्या बाजूने काही राहिलं नाही ना? त्या मेमरीचं जे काही करायचं असतं ते सगळं केलेलं होतं?”

तेव्हा आमचे हे म्हणाले, “मॅडम, सगळं केलंय आणि लिहिलंयसुद्धा. माझ्या वहीत नाही असं काही नसतं. चिप जळल्या असणार. चालू करताना झटका बसला असेल.”

मी तिथेच होते. त्यांनी ते वाईट मनाने म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस आपली नेहमीची काठी धरतो. पण बोलले ते बोलले. वायरमनचं तोंड उतरलं. तो एवढंच म्हणाला, “दाब तर मी दोनदा मोजला होता. पण काका म्हणतात म्हणजे असेल.”

मॅडम म्हणाल्या, “मग ते पत्र आज जाणार नाही. ज्याच्या हातून एवढ्या मापांचं नुकसान होतं त्याला कायम करा असं मी लिहू शकत नाही. चारपर्यंत काही वेगळं निघालं तर सांगा.” त्या खाली गेल्या. तोही गेला. जाताना दार हळूच लावून घेतलं.

मी शिवण सोडून वरच थांबले. खाली तसंही काम नव्हतं. हे लगेच कामाला लागले. सर्व्हर बंद केला, झाकण उघडलं, आणि मेमरीच्या हिरव्या पट्ट्या एकेक करून काढल्या. बोटभर लांबीच्या, खालच्या कडेला पिवळे दात. ते दात खोडरबरने घासायचे, म्हणजे मळ निघतो आणि नीट चिकटतात. हे मला माहीत नव्हतं. खोडरबर मी चालवला, पट्टी यांनी धरली. चार पट्ट्या घासल्या, परत बसवल्या, चालू केलं. सोळा. जागा बदलून बसवल्या. सोळा. दोनच लावून बघितल्या, मग दुसऱ्या दोन. सोळा आणि सोळा. दर वेळी चालू व्हायला सहा-सात मिनिटं, आणि दर वेळी माझा जीव टांगणीला. हे प्रत्येक फेरी वहीत लिहीत होते.

साडेअकराला मी चहा आणायला खाली गेले. जिन्याखाली मेन बोर्ड आहे. त्याचं झाकण काढून भिंतीला लावलेलं, चार स्क्रू वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ओळीने ठेवलेले, आणि वायरमन उपड्या बादलीवर बसून बोर्डाकडे बघत होता. हातात टेस्टर.

“काय करतोयस रे?” मी विचारलं.

“चूक शोधतोय, काकू.”

“सापडली?”

“नाही. पण कुठेतरी असेलच ना.”

त्याला चहा दिला, तर त्याने कप खाली ठेवला आणि पुन्हा एक तार बोटाने चाचपली. मी दोन वाजता पुन्हा गेले तेव्हा त्या चहावर साय धरली होती. मला यांचा राग यायला लागला होता आणि का येतोय ते अजून कळत नव्हतं.

वर आले. हे दहाव्यांदा चालू करत होते. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पडद्याकडे बघितलं. काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात आकडा धावायला लागला, टेपवर माप धावतं तसा. आणि यांनी लगेच एक बटण दाबलं. आकडा गेला.

“ते काय होतं?” मी विचारलं.

“मोजणी. मशीन चालू होताना मेमरी मोजतं. वेळ खातं, म्हणून टाळतो.”

“तुम्ही सकाळपासून टाळताय?”

“अगं, खालच्या कॉम्प्युटरवरही मी टाळतोच. सर्व्हर सांगतोच ना पुढे किती ते.”

माझं आयुष्य टेप हातात धरण्यात गेलं. मोजणी टाळली हे ऐकून मला घाम फुटला. “पुन्हा करा,” मी म्हटलं, “आणि बटणाला हात लावू नका.” ते काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, “मी सांगते म्हणून करा.” लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की अशा वाक्यांना वजन येतं.

चारही पट्ट्या लावून बंद केलं, चालू केलं. आकडा धावू लागला. सोळा हजारांवर गेला आणि थांबला नाही. वीस, तीस, चाळीस हजार. पासष्ट हजार पाचशे छत्तीसवर थांबला.

“पूर्ण आहे,” हे म्हणाले. “एक हजार चोवीसचा एक एमबी, म्हणजे बरोबर चौसष्ट. एकही चिप जळलेली नाही.”

मग पुढे सर्व्हर चालू झाला आणि म्हणाला, सोळा.

हे खुर्चीत बसले. मग मला आणि स्वतःला सांगितल्यासारखं हळूहळू बोलले. मशीनला मेमरी दिसतेय. त्यावर चालणाऱ्या सर्व्हरच्या प्रोग्रॅमला दिसत नाही. हा सर्व्हर जुना, सोळाच्या पुढचं त्याला आपणहून कळतच नाही. त्याला हुकूम देऊन सांगावं लागतं की अमक्या ठिकाणापासून पुढे अमकी मेमरी आहे, धर. तो हुकूम सुरुवातीच्या फाइलीत लिहून ठेवला की दर वेळी चालू होताना तो आपोआप वाचतो.

“मग ती फाइल बघा,” मी म्हटलं.

फाइल उघडली. आठ ओळी होत्या. मेमरीची एकही नव्हती.

“कोणीतरी पुसली असणार,” हे म्हणाले.

“या खोलीची किल्ली कोणाकडे असते?” मी विचारलं. किल्ली यांच्या कमरेला होती.

आता त्यांच्या मागे फळीवर वह्यांची रांग आहे. कापडी पाठीच्या चोवीस वह्या, प्रत्येकीवर साल आणि महिने. सकाळपासून त्यातली एकही खाली उतरली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी उठले आणि सात वर्षांपूर्वीची वही काढली. कोणता दिवस ते मला शोधावं लागलं नाही. मेमरी बसवली तो दिवस मला तोंडपाठ आहे, कारण त्याच दिवशी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. मी तेव्हा इथे कामाला नव्हते. घरून मीच फोन केला होता, “असाल तसे या, आईंच्या खुब्याला लागलंय.” आणि हे असतील तसे आले होते, एका पायात चप्पल नीट न घालता.

पान काढून मी टेबलावर ठेवलं. यांचं अक्षर मोत्यासारखं. ‘मेमरी बसवली. मोजणी पूर्ण. सर्व्हरला सोळाच दिसतात. समोर बसून हातानेच हुकूम दिला, पहिला आकडा एकवर सहा शून्यं, दुसरा तीनवर सहा शून्यं. चौसष्ट दिसले. कपाट उघडलं. आता हाच हुकूम सुरुवातीच्या फाइलीत’

पुढे काही नव्हतं. पूर्णविरामसुद्धा नव्हता. पुढच्या पानावर चार दिवसांनंतरची तारीख, आणि दवाखान्याच्या खोलीचा नंबर.

सात वर्षं तो सर्व्हर हाताने दिलेल्या एका हुकमावर उभा होता. बंदच झाला नाही, म्हणून विसरलाही नाही. शनिवारी यांनी स्वतः बंद केला आणि तो विसरला.

मला वाटलं आता हे ‘अरे देवा’ तरी म्हणतील. त्यांनी वही मिटली आणि बाजूला सारली. मग पुढे सरकून हुकूम टाइप केला. एकवर सहा शून्यं, मोजून. तीनवर सहा शून्यं, मोजून. एक शून्य जास्त पडलं तर सर्व्हर जागच्या जागी मरतो, असं त्यांनी मागे कधीतरी सांगितलेलं मला नेमकं तेव्हा आठवलं. त्यांनी बटण दाबलं. चौसष्ट. कपाट उघडायला सांगितलं. ठिपके एकामागून एक पुढे सरकत राहिले, आणि मग खालून यंत्राचा घरघराट ऐकू आला. कारागिरांनी फाइल उघडली होती.

माझा जीव भांड्यात पडला. पण पुरता नाही.

मॅडम धावतच वर आल्या. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. “केलंत तुम्ही,” त्या म्हणाल्या. “जळलेल्या मेमरीत जीव घातलात. मी खाली सगळ्यांना सांगितलं, वहीवाले आहेत तोवर काळजी नाही.”

यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, ते सांगता येत नाही, पण हलवली.

“त्या पोराचं नशीब,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही होता म्हणून निभावलं. पण पत्र आज नको. पुढच्या वर्षी बघू.” आणि गेल्या.

मी यांच्याकडे बघत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मला कोणी तेव्हा विचारली असती तर मी नवऱ्याकडे बोट दाखवलं असतं. आणि तरीही मला त्यांची दया येत होती. आठ महिन्यांनी निवृत्त व्हायचे. छत्तीस वर्षांत एक नोंद चुकली नाही हा यांचा एकच दागिना. ती चुकली तीही माझ्या फोनमुळे. मी गप्प बसले असते तर कोणाला कळलं असतं? वही पुन्हा फळीवर गेली असती.

“अहो,” मी म्हटलं, “तुम्ही सांगता की मी सांगू?”

“आधी फाइलीत लिहू दे,” ते म्हणाले.

“नंतर लिहा. चारला डाक जाते.”

“नाही. आधी लिहायचं.” आणि चष्मा चढवून फाइल उघडून बसले. नववी ओळ टाइप केली. वाचली. परत वाचली. मग म्हणाले, “आता बंद करून चालू करून बघायला हवं. आपोआप येतं की नाही.”

मला वाटलं डोकं फुटेल. खाली यंत्र चालू, ती वाटी पुरी होईपर्यंत थांबले. पंधरा मिनिटं. मग बंद. मग चालू. हे भीतीमुळे वेळ काढत होते की सवयीमुळे, ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही मी विचारलं नाही. आकडा धावला. यांनी बटण दाबलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजले. मी दारात उभी राहून खालच्या फाटकाकडे बघत होते, डाक नेणारा शिपाई सायकल काढतोय का म्हणून. पाठीमागून हे म्हणाले, “चौसष्ट.” वळून बघितलं तर वही हातात घेऊन उभे होते.

मॅडमच्या खोलीत मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. यांनी ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “शेवटची ओळ वाचा.”

त्यांनी वाचली. “हे अर्धंच आहे.”

“हो. अर्धंच राहिलं. ती ओळ फाइलीत कधी गेलीच नाही. चिप चांगल्या होत्या, बोर्डही चांगलं आहे. चूक माझी आहे, सात वर्षांपूर्वीची.”

“पण सकाळी तुम्हीच म्हणालात, सगळं लिहिलंय.”

“सकाळी वही उघडली नव्हती. नुसतं तोंडाने सांगितलं.”

मॅडम वाईट बाई नाहीत. पण त्यांनी लगेच माफ केलं असंही नाही. पानाकडे बघत म्हणाल्या, “तुमच्या शब्दावर मी एका माणसाचं वर्ष घालवणार होते.” हे मान खाली घालून उभे. मग त्यांनी खणातून पत्र काढलं, सही केली, पाकिटात घातलं आणि शिपायाला हाक मारली. “हे मला तुमच्याकडून लेखी लागेल,” त्या यांना म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा लिहायचं म्हटल्यावर आमच्या ह्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला.

शिपाई सायकलवरून फाटकाबाहेर गेला तेव्हा चारला तीन मिनिटं होती. ती मी मोजली.

आम्ही जिन्याखाली आलो. वायरमन तसाच बादलीवर. बोर्ड उघडं, स्क्रू कागदावर. हे त्याच्यासमोर उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, “तुझ्या पत्रावर सही झाली. डाकेत गेलं.”

त्याने वर बघितलं. आनंद नाही, काही नाही. “कसं काय?” म्हणाला. “मॅडमनी माफ केलं का?”

“माफ करायचं काही नव्हतंच,” मी म्हटलं.

“असं कसं, काकू. मी दुपारीच घरी फोन करून सांगून टाकलं. म्हटलं, माझ्याच हातून झालं, या वर्षी काही होत नाही, मनाची तयारी ठेव.”

मी यांच्याकडे बघितलं. यांचा हात खिशात गेला, फोन बाहेर आला. “नंबर सांग,” म्हणाले. त्याने न कळून सांगितला. पलीकडे त्याच्या बायकोने फोन उचलला. जिन्याखाली शांत होतं, मला तिचं सगळं ऐकू येत होतं.

“ताई, मी कार्यशाळेतून बोलतोय, सर्व्हर बघतो तो,” हे म्हणाले. “तुमच्या नवऱ्याच्या हातून काही झालेलं नाही. चूक माझी होती. त्यांचं पत्र गेलं.”

ती म्हणाली, “मी यांना दुपारपासून तेच म्हणतेय, ‘तुमच्या हातून असं व्हायचं नाही.’ माझं ऐकत नाहीत. आता तुम्हीच त्यांना सांगा.”

यांनी फोन खाली घेतला. आपण ते त्याच्या तोंडावर अजून सांगितलंच नाही, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. त्याच्यासमोर वाकून म्हणाले, “तुझं काही चुकलं नाही, बाळा. मी एक ओळ लिहायची विसरलो, आणि ती न बघता तुझ्यावर बोललो.”

वायरमनने पत्राचं काही विचारलं नाही. मग मागे वळून बोर्डाकडे बघितलं.

“म्हणजे बोर्ड बरोबर बसलंय?” त्याने विचारलं.

“बरोबर बसलंय.”

“दाब बरोबर होता?”

“बरोबर होता.”

तो उठला. भिंतीला लावलेलं झाकण उचललं, बोर्डावर टेकवलं, आणि कागदावरचा एकेक स्क्रू उचलून पिळायला लागला. आमचे हे झाकण खालून धरून उभे राहिले, चौथा स्क्रू बसेपर्यंत.